ब्रह्मगिरी उजव्या हाताला

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीला, म्हणजे प्रदक्षिणेला, निघालं की ब्रह्मगिरी सहसा दिसतच नाही, ढगात असतो. तो उजव्या हाताला आहे एवढं मनाशी धरून माणूस वीसेक किलोमीटर चालतो. मला फेरीतलं हेच सगळ्यात आवडतं.

यंदा जाऊबाई आणि मी रविवारी रात्रीच नाशिकहून एसटीने त्र्यंबकला पोचलो. कुशावर्तात स्नान केलं, निवृत्तिनाथांना बाहेरूनच नमस्कार केला आणि अंधारातच पेगलवाडीची वाट धरली. पहिन्यापर्यंत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरांच्या टोळ्या अगदी कानाशी येऊन पिपाण्या फुंकत होत्या. एकाला मी चांगलंच झापलं. देवाच्या वाटेवर हा धिंगाणा मला सहन होत नाही, दरवर्षी होत नाही.

ह्याच फेरीत वाघ आडवा आला, विठ्ठलपंतांच्या कुटुंबाची पांगापांग झाली आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. अंधारात चालताना मला आठवतात त्या रुक्मिणीबाई. बाकीची तीन लेकरं पोटाशी धरून उभी राहिलेली ती बाई, आणि थोरला कुठे दिसत नाही. त्याला तिथे गुरू भेटलाय, हे तिला त्या घटकेला कोण सांगणार होतं? मी जाऊबाईंचा हात धरला. पुढच्या दिंडीत ‘निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई’ सुरू झालं आणि आम्हीही सूर लावला.

भिलमाळच्या आसपास उजाडलं. भाताची खाचरं हिरवीगार, बांधावर तेरडा, आणि ढग जरा सरकला की कड्यावरून पाणी सुटलेलं दिसे. त्याच डोंगराच्या गंगाद्वाराकडचं पाणी गोदामाईबरोबर राजमहेंद्रीवरून पूर्वेच्या समुद्राला जातं, आणि आमच्या पायाखालचे ओहोळ वैतरणेला मिळून पश्चिमेच्या. आपण ते पाणी पायाने ओलांडतोय, ह्या विचाराने मला भरून आलं.

मग पायाने बोलायला सुरुवात केली. अनवाणी चालायचा नेम आहे माझा. रात्रभर भिजून कातडी मऊ पडली होती, त्यात रस्त्यावरची खडी. डाव्या टाचेला फोड आला, थोड्या वेळात फुटला, आणि चिखल आत गेला. टाच टेकवली की कळ थेट गुडघ्यात. जाऊबाई म्हणाल्या, “बसा हो ताई.” मी म्हटलं, तुम्ही आधी गप्प बसा. नाव देवाचं आणि तोंडात हे. पाऊसही लागला होता. कोजुली किती लांब आहे, हे ज्याला विचारावं तो “हे काय, आलंच” म्हणत पुढे जात होता.

वाटेकडेच्या खाचरात एक आजी वाकून काहीतरी वेचत होत्या. मला वाटलं, तण काढतायत. जवळ गेल्यावर दिसलं, चहाचे कप आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. आमच्यापुढे गेलेल्या भाविकांनी टाकलेल्या. ओच्यात भरभरून त्या बांधावर ढीग करत होत्या. माझी चाल बघून म्हणाल्या, “ये पोरी, पडवीत बस. असं चालशील तर पाय पिकंल.”

त्यांनी चुलीवरचं कोमट पाणी आणलं. माझा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायला लागल्या तेव्हा मी ओढून घेतला; वयाने माझ्या आईएवढ्या. “गप बस,” म्हणाल्या. चिखलाचा एकेक कण बोटाने धुऊन काढला. पळीत खुरासणीचं तेल तापवलं, त्यात हळद टाकली, ते कोमट होईपर्यंत फुंकत बसल्या. मग फोडावर बोटाने टेकवत लावलं. चरचरलं, डोळ्यांत पाणी आलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांनी टाचेपासून घोट्यापर्यंत बांधली आणि गाठ वरच्या बाजूला घेतली, चालताना टोचू नये म्हणून. एवढं सगळं करताना बोलत होत्या. ह्या वेळी भाताची आवणी उरकली. पाऊस बरा आहे. धाकट्या नातवाला ताप येऊन गेला, आता जेवतो. नागलीची अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा हातावर ठेवला.

पैसे काढले तर रागावल्या. “महादेवाला माझं सांग जा. आम्हाला आज वेळ न्हाई.”

निघण्याआधी जाऊबाईंनी न बोलता पदर खोचला आणि उरलेल्या बाटल्या वेचल्या. मी लंगडत पोतं धरलं. ज्यांना गोदामाईचा उगम पवित्र वाटतो, त्यांनी त्याच डोंगराखालच्या भातात कचरा टाकावा, ह्याचा संताप मला आजही आहे.

सापगाव कधी आलं, कधी गेलं, आठवत नाही. पट्टी मात्र सुटली नाही.

त्र्यंबकला दर्शनाची रांग संपण्यातली नव्हती, पाय टेकववत नव्हता. बाहेरूनच कळसाला हात जोडले. मागून धक्के बसत होते, जाऊबाई “चला, बस जाईल” म्हणत होत्या. मी जागची हलले नाही. आवणी झाली, पाऊस बरा आहे, नातू जेवतो, असं सगळं एकापाठोपाठ देवाला सांगितलं. माझं स्वतःचं मागायचं होतं, ते सांगायला वेळ मिळाला नाही.