टाचेवरचे ठिपके

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मराठवाड्यातल्या एका सिव्हिल हॉस्पिटलात डीईआयसीमध्ये, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीत काही अडचण दिसली की अंगणवाडीतून, शाळेतून, एसएनसीयूतून (आजारी, कमी दिवसांच्या नवजात बाळांच्या खास विभागातून) आमच्याकडे पाठवतात. आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही सरकारी योजना, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाली, तिचाच हा भाग. पण अजूनही कित्येक आया आमच्यापर्यंत पोचतात त्या कोणा आशाताईने हाताला धरून आणलं म्हणूनच. ही पण तशीच आली.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी अकराची वेळ, ओपीडी भरलेली, पुढे आशाताई, मागे आई आणि तिच्या मागे सासू. बाळ कुठंय तेच आधी कळेना, एवढं गुंडाळलेलं. वर दुपटं, आत स्वेटर, कानावरून टोपडं, हाताला मोजे, पायाला मोजे आणि ते सुटू नयेत म्हणून घोट्याला नाडी बांधलेली. फाईल बघितली. ३० आठवड्यांचं, जन्माचं वजन १२५० ग्रॅम, ४१ दिवस एसएनसीयूत. डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालेली, कानाची पण, दोन्ही ठीक. आता वय सात महिने, पण दहा आठवडे लवकर आलं म्हणजे करेक्टेड वय धरायचं पावणेपाच महिनेच. बालरोगतज्ज्ञ सरांनी लिहिलं होतं, अंग थोडं ताठ आहे, थेरपी सुरू करा, लक्ष ठेवू.

काय त्रास होतो विचारलं तर आई म्हणाली, "मॅडम, ह्याला हात-पाय आहेत हे ह्यालाच ठाऊक नाही असं वाटतं."

एवढं नेमकं मला कुठल्या रेफरल चिठ्ठीत वाचायला मिळालेलं नाही.

कारण खरंच तसं असतं. शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत पोटात जागा कमी पडते ना, बाळ मुडपून बसलेलं असतं, लाथ मारली की गर्भाशयाची भिंत उलट दाबते, हात हलवला की स्वतःच्याच तोंडाला लागतो, आणि इथे मी संपते तिथे दुसरं काहीतरी सुरू होतं हा धडा त्या दाबातून मिळत राहतो. स्नायू आणि सांधे मेंदूला सांगत राहतात, हा तुझा गुडघा, हा तुझा हात. तीसाव्या आठवड्याला बाहेर आलेल्या बाळाचा तो सगळा काळ सपाट गादीवर, नळ्या लावून जातो. एसएनसीयूत चारी बाजूंनी कापडाची गुंडाळी लावून घरटं करतात ते त्यासाठीच, पण घरटं म्हणजे आईचं पोट नव्हे.

मी त्याला उघडं केलं (हीटर लावला होता आधी, थंडी होती). दोन्ही हात खांद्याशी, मुठी घट्ट, अंगठा आत. उचललं की मान मागे टाकून धनुष्यासारखा ताठ व्हायचा. या वयाला हात छातीशी एकमेकांना भेटायला लागतात, बाळ आपलेच हात टक लावून बघतं, तोंडात घालतं, यातलं काही नाही. मोजे काढले आणि टाचा बघितल्या. दोन्ही टाचांच्या कडेला बारीक पांढुरके ठिपके, राईच्या दाण्याएवढे, बरेच. साखर तपासायला रक्त घेतात ना टाचेतून, त्याचे. मी बोट नुसतं जवळ नेलं तर पाय झटक्यात आखडला.

म्हणजे याच्या पायाला आजवर जो कोणी हात लावला तो टोचायलाच.

आणि इथे मी चूक केली. आमच्या खोक्यात वेगवेगळ्या स्पर्शाच्या वस्तू असतात, मऊ ब्रश, स्पंज, लोकरीचा गोंडा, सॅटिनचा तुकडा. मला वाटलं नाजूक बाळ आहे, हलकं काहीतरी घेऊ, म्हणून मऊ ब्रश तळपायावरून फिरवला. तो असा किंचाळला की बाहेरच्या बाकावरच्या बायका दारात आल्या. आईचे डोळे भरले, तिने लगेच मोजे उचलले घालायला. हलका, भुरभुरता स्पर्श अशा बाळांना डिवचतो, दाबाचा स्पर्श शांत करतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते आणि तरी त्या दिवशी त्याच्या लहान जिवाकडे बघून माझाच हात कच्चा पडला.

तोवर गप्प उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आवो मॅडम, असं कुसळ लागल्यावानी केल्यावर रडंलच की लेकरू. भरल्या हातानं धरावं."

म्हटलं, मावशी, तुम्ही घेता का? तर त्या सुनेकडे बघायला लागल्या. मग सगळं बाहेर आलं. सुट्टी देताना सांगितलेलं की बाळाला कमी हाताळा, मालिश नको, अंघोळ नको, गर्दी नको. तेव्हाच्या वजनाला, तेव्हाच्या जंतुसंसर्गाच्या भीतीला ते बरोबरच होतं. पण ते कधी थांबवायचं हे कोणी सांगितलंच नाही! वॉर्डात कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, दिलेलं ते पण घरी आल्यावर बंद, आणि जवळजवळ सहा महिने त्या घरात लेकराला दूध पाजायला आणि लंगोट बदलायला सोडून कोणी हात लावला नव्हता. आजीने चार नातवंडं पायावर न्हाऊ घातलेली आणि या पाचव्याला लांबून बघायची. मला याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं, कारण हे सांगायचं काम आमचंच होतं.

मावशी भिंतीला टेकून खाली मॅटवर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सावरलं, पाय लांब केले आणि नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत त्याला ठेवला. मी तळहातावर खोबरेल दिलं. त्यांनी तळवे चोळून गरम केले आणि मांडीपासून घोट्यापर्यंत हात असा ओढला की घाई नाही आणि भीतीपण नाही, पूर्ण पंजाने, पाय हातातून सुटत नाही तोवर दाब तसाच. टाच त्यांनी मुठीत धरली आणि धरूनच ठेवली. पहिल्यांदा आखडला, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा पाय हातात राहू दिला. रडणं थांबून तो त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला.

सगळंच चालू दिलं नाही मी. त्या नाकात तेलाचा थेंब सोडायला निघाल्या, ते थांबवलं, नाका-कानात तेल अजिबात नाही. शेवटी पायाला धरून उलटं करतात ते पण नाही. मावशींना पटायला जरा वेळ लागला, पण ऐकलं. मग मी म्हटलं, आता डोकं गुडघ्याकडे करा आणि गुडघे उभे करा. तसं घेतल्यावर त्याचं बूड त्यांच्या कुशीत, तळपाय त्यांच्या पोटाला टेकलेले, पाठ गोल, खांदे आपोआप पुढे. पोटातल्यासारखंच मुडपलेलं. तळपायाने ढकललं की आजीचं पोट उलट ढकलायचं.

मग मावशींनी कमरेच्या चंचीतून कागदाची पुडी काढली. बारशाचे चांदीचे वाळे, एकदाही न घातलेले, कारण पायात कायम मोजे. घुंगरू घट्ट आहेत का ते ओढून बघितलं, पुसले, एकाच पायात घातला. त्याने लाथ मारली. वाजलं. तो थांबला, सगळाच थांबला, डोळेसुद्धा. परत लाथ. वाजलं. मग वाळा नसलेला पाय हलवला आणि काहीच वाजलं नाही, तर पुन्हा पहिला. मी घड्याळ बघितलं नाही पण हे बराच वेळ चाललं, आणि त्या नादात उजवी मूठ उघडून डाव्या हातावर येऊन पडली. दोन्ही हात छातीवर एकमेकांना लागले आणि त्याने मान खाली करून बघितलं.

आई म्हणाली, "मी घेऊ?" मोजे तिने पिशवीत टाकले होते.

घरी करायला थोडंच दिलं. दिवसातून दोनदा भरल्या हाताने मालिश, जागा असताना थोडा थोडा वेळ आईच्या छातीवर पालथा, हातपाय उघडे, कधी सुती लुगड्यावर तर कधी गोधडीवर, आणि करंगळीपासून काखेपर्यंत चढत जायचा तो आपला जुना बोटांचा खेळ, पण बोट दाबून, गुदगुली नाही. वाळे समोर बसून खेळतानाच, झोपताना काढायचे.

दोन आठवड्यांनी आले तेव्हा मुठी सैल होत्या, उचलल्यावर अंग अजून ताठ व्हायचं, ते काम चालूच आहे. त्यानंतर महिन्याने आले तेव्हा आईने बसायच्या आधी तक्रारच केली, की मॅडम, बाहेर थंड वारं म्हणून एवढ्यापुरते मोजे घातले तर अख्ख्या एसटीत हा पाय वर करून ओढत होता, एक काढला आणि तोंडात घातला, दुसरा कुठं पडला सापडलाच नाही.

बघितलं तर उघडा पाय त्याने दोन्ही हातांनी धरलेला होता. अंगठा तोंडात.