बेचाळीस किलोमीटर आणि तालमीच्या खोलीचं भाडं

मॅरेथॉन धावून नाटकाच्या कामासाठी निधी उभा करणार, असं मी जाहीर केलं तेव्हा जो तो धावण्याबद्दलच विचारायचा. जमेल का, गुडघे कसे आहेत, सराव कधी सुरू केलास. पैशांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. धावण्यासाठी तयार वेळापत्रकं मिळतात, अनुभवी माणसं सल्ला देतात. पैसे कसे मागायचे हे मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागतं, आणि माझा खरा कस तिथेच लागला. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

मी जिच्यासाठी धावले ती संस्था अगदी छोटी आहे. एक अर्धवेळ पगारी समन्वयक, दोन-तीन नाट्यप्रशिक्षक, बाकी आम्ही स्वयंसेवक. किशोरवयीन मुलं आणि एकटी राहणारी वयस्क माणसं यांच्यासाठी एकत्र नाट्यकार्यशाळा घेतल्या जातात, कुणाकडून फी घेतली जात नाही. तिथला एक खेळ मला फार आवडतो. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने सावकाश हालचाल करायची आणि दुसऱ्याने आरशातल्या प्रतिबिंबासारखी तीच करायची. एक मुलगी बरेच आठवडे भिंतीला टेकून नुसती बघत बसायची. ती पहिल्यांदा उठली ती या खेळासाठी, आणि तिच्यासमोर एक आजोबा आले. त्यांचा हात कापतो. त्यांनी हात वर नेला, तिनेही नेला, आणि तिची बोटंही त्यांच्याइतकीच, त्यांच्याच लयीत थरथरत होती. त्यात चेष्टेचा लवलेशही नव्हता. आजोबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तळवा पूर्ण उघडला, तिनेही उघडला. मग बराच वेळ दोघं तसेच खेळत राहिले.

पुढे याच गटाने फोरम थिएटर केलं. ब्राझीलचे रंगकर्मी आउगुस्तो बोआल यांनी घडवलेली ही पद्धत. अन्यायावर संपणारा एक छोटा प्रसंग करून दाखवायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा, आणि प्रेक्षकांपैकी कुणालाही वाटलं तर त्याने ‘थांबा’ म्हणून अन्याय सोसणाऱ्या पात्राच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं वागून बघायचं. त्या दिवशी पहिलं ‘थांबा’ त्या मुलीचं होतं.

या सगळ्याला खर्च कशाचा येतो? खोलीचं भाडं, प्रशिक्षकांचं मानधन, ज्यांना परवडत नाही त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च, आणि विमा. नेपथ्य, कपडेपट, दिवे हे त्या मानाने किरकोळ. पण देणाऱ्याला डोळ्यांना दिसेल अशी वस्तू द्यायला आवडतं. अनुदान देणाऱ्यांनाही बहुतेक वेळा नवा उपक्रम हवा असतो; चालू असलेलं काम चालूच राहावं म्हणून पैसे देणारे कमी. संस्थेचा हिशेब बघणाऱ्या ताईंना मी विचारलं, नेमके कशासाठी मागू? त्या म्हणाल्या, ‘भाड्यासाठी माग. आणि जमलं तर कशाला वापरायचे ते आमच्यावर सोड.’ एखाद्या ठरावीक कामासाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. त्यामुळे स्पॉटलाइटसाठी देणगी येऊन पडलेली असते आणि खोलीचं भाडं थकलेलं असतं, असं छोट्या संस्थांत सहज होऊ शकतं.

मग मी आवाहनात पहिल्याच ओळीत भाडं लिहिलं. ही खोली राहिली तर कार्यशाळा राहते, इतकं साधं. मुलांचे फोटो टाक, त्यांच्या घरच्या अडचणी लिही, पैसे पटापट येतील, असा सल्ला दोघातिघांनी दिला. मी तो घेतला नाही. ही मुलं त्या खोलीत येतात ती आपल्या अडचणींपलीकडेही आपण कुणीतरी आहोत हे अनुभवायला. त्याच अडचणी मांडून पैसे गोळा करणं म्हणजे त्यांचा तो अनुभव काढून घेणं. (आरशाच्या खेळाबद्दल इथे लिहिलंय ते दोघांना विचारून आणि ओळख कळणार नाही अशा बेताने.)

दुसरा प्रश्न प्रवेशाचा. मोठ्या मॅरेथॉनमध्ये काही जागा संस्थांसाठी राखीव असतात आणि अशा जागेवर धावणाऱ्याने ठरावीक किमान रक्कम जमवून द्यायची असते. या जागा संस्थेला बहुधा आधी विकत घ्याव्या लागतात. छोट्या संस्थेला ती जोखीम झेपत नाही. मी साधा प्रवेश घेतला आणि फी स्वतःच्या खिशातून भरली. हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगत असे, कारण ‘माझ्या पैशांतून तुझी हौस तर होत नाही ना?’ हा प्रश्न मनात येणं अगदी रास्त आहे. तो विचारला जाण्याआधीच उत्तर दिलेलं बरं.

सगळ्यांना एकच संदेश पाठवून मी पाहिला. त्याला अंगठे आले, पैसे आले नाहीत. मग एकेकाला वेगळं लिहायला लागले. ज्या मित्राने शाळेत नाटकात काम केलं होतं त्याला तालमीची आठवण करून दिली, जिच्या आईला एकटेपणाचा त्रास होता तिला वयस्कांच्या गटाबद्दल सांगितलं. आधी अगदी जवळच्यांना गाठलं आणि त्यांना मोकळ्या हाताने द्या असं सांगितलं. देणगीचं पान रिकामं असलं की पुढचा माणूस बिचकतो, आणि वरची रक्कम बघूनच तो आपली ठरवतो. हे मला वारंवार दिसलं. नकार आला तर आभार मानायचे आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही, असा नियम केला होता. एका आवडत्या माणसाकडून काहीच उत्तर आलं नाही याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण देणगी मागितली म्हणून मैत्री तोलायची नसते.

सर्वांत उपयोगी पडली ती किलोमीटर वाटून देण्याची कल्पना. एकेक किलोमीटर एकेकाच्या नावाने. ४२ किलोमीटर वाटून झाल्यावरही १९५ मीटर उरतात, तेही एका मैत्रिणीने मागून घेतले. हे अंतर असं अडनिडं का, हे सांगायलाही मला आवडायचं: १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू होऊन स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर भरलं आणि १९२१ मध्ये तेच अधिकृत झालं.

सरावाबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर माहितीची कमतरता नाही. आठवड्यातून एकदा लांब पल्ला, तो हळूहळू ३० किलोमीटरच्या आसपास न्यायचा, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत पायांना सावरू द्यायचं. लांब पल्ल्याचा वेग असा हवा की धावता धावता बोलता आलं पाहिजे. मी आमच्या गटाची संहिता पाठ करत धावायचे, सगळ्या पात्रांचे संवाद, मोठ्याने. वाक्य मध्येच तुटलं की समजायचं, वेग जास्त झालाय. याचा दुहेरी फायदा झाला. तालमीत कुणी अडलं की मला कागद बघावा लागायचा नाही.

एक गणित मात्र पक्कं करून ठेवावं. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी अडीच हजारांच्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपाने जी साखर साठवून ठेवतात ती साधारण दोन हजार कॅलरींची. चरबी जळते, पण संथपणे. सुरुवातीलाच वेग जास्त ठेवला तर ही शिल्लक तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे संपत येते, आणि धावणारे जिला ‘वॉल’ म्हणजे भिंत म्हणतात ती समोर येते: अंगातली ताकदच संपल्यासारखं होतं. म्हणून भूक लागायच्या आधीपासून, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि कोणतं एनर्जी जेल (धावताना खायचं साखरेचं घट्टसर मिश्रण) पोटाला मानवतं ते सरावातच तपासायला हवं. पाणीही तहानेप्रमाणे. गरजेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

प्रत्यक्ष शर्यतीत अर्ध्यापर्यंत मी स्वतःला मागे खेचत होते. मनगटाला एक पट्टी बांधली होती, त्यावर किलोमीटरचे आकडे आणि पुढे नावं. ३१ पासून मांड्या जड झाल्या, घोट्याखाली टोचायला लागलं. ३४वा किलोमीटर कार्यशाळेतल्या मंडळींनी मिळून घेतला होता, आपापले थोडे थोडे पैसे घालून. त्या किलोमीटरला मी संहितेतला त्यांचा प्रसंग म्हणायला सुरुवात केली. वाक्य तुटत होतं, तरी एकेका श्वासावर एकेक शब्द असं करत शेवटपर्यंत म्हटलं. शेजारून धावणाऱ्या एका अनोळखी बाईंनी विचारलं, ‘मग पुढे काय होतं?’ मी म्हटलं, ‘ते प्रेक्षक ठरवतात.’ नंतर पाण्याच्या टेबलापर्यंत आम्ही बरोबर होतो. ३८ ते ४० मी चालत-धावत काढले. शेवटचे १९५ मीटर मात्र धावले, ते मागून घेणाऱ्या त्या मैत्रिणीचे होते.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवलं की पूर्ण झालं. तोवर न दिलेल्या बऱ्याच जणांनी त्या दोन दिवसांत दिले. म्हणून धावणं संपलं तरी देणगीचं पान लगेच बंद करू नये.

पुढचं काम हिशेबाचं. देणगी घेणाऱ्या संकेतस्थळाने कापलेलं शुल्क वजा करून हातात किती आले, त्यातले भाड्याला किती, मानधनाला किती, प्रवासाला किती, हे ताईंनी एका पानावर मांडून दिलं आणि मी ते प्रत्येक देणगीदाराला पाठवलं, अगदी लहान रक्कम देणाऱ्यालाही. खोलीचा पुढच्या हंगामापुरता करार झाला आहे आणि संध्याकाळची वेळ तीच राहिली आहे. हिशेब मिळाल्यावर तिघांनी उलट विचारलं की दरमहा थोडे थोडे देता येतील का. त्याचा अर्ज आता तयार होतोय; त्यातही ‘कशासाठी’ या रकान्यात पहिला पर्याय भाड्याचाच ठेवायला मी सांगितलं आहे.