नान्नजचा माळ, मामांचा कान आणि रातकिड्याची कानस

हस्ताचा पाऊस उघडल्यावर मी चार दिवसांसाठी सोलापूरला गेलो, तो मामांच्या कानाच्या निमित्ताने. मामांनी 31 वर्षे पूर्व भागातल्या यंत्रमागांवर चादरी विणल्या. आता ते निवृत्त आहेत, आणि गेल्या दिवाळीत त्यांच्या उजव्या कानाला श्रवणयंत्र बसवले आहे. मी पुण्यात ध्वनिग्राहकांच्या, म्हणजे मायक्रोफोनच्या, इलेक्ट्रॉनिक मंडलांवर काम करतो. त्यामुळे "मशीन लावलं तरी माणसांचं बोलणं कळंना," ही त्यांची तक्रार फोनवरून ऐकून सोडून देणे मला जमले नाही. हुतात्मा एक्सप्रेसने रात्री उतरलो, घरी पोहोचताच कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढ्यात आले, आणि जेवण होईपर्यंत मामांनी त्यांच्या कानाच्या तपासणीचा कागद माझ्यासमोर उलगडून ठेवला होता.

त्या कागदावरची रेषा जड, म्हणजे कमी कंपनांच्या, स्वरांपाशी बऱ्यापैकी सरळ चालते आणि 4000 हर्ट्झच्या आसपास खोल दरीत उतरते. ही दरी गोंगाटाची खूण असते. सतत मोठा आवाज सोसलेल्या माणसाच्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी बहुधा प्रथम याच पट्ट्यात मरतात, आणि एकदा मेलेल्या केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. वयामुळे येणारा बहिरेपणा वेगळा दिसतो. तो सर्वांत उंच स्वरांपासून हळूहळू खाली सरकतो. मामांच्या कागदावर दोन्ही होते, पण दरी ठळक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला अक्कलकोट रस्त्याकडच्या एका शेडमध्ये घेऊन गेले. आत पाऊल टाकताच बोलणे संपले. धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा मागाचा भाग, या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, पलीकडे आदळून थांबतो आणि लगेच परत फेकला जातो. असे डझनभर माग एकाच छपराखाली चालू असले की आवाज 90 डेसिबलच्या पुढे सहज जातो. तिथली माणसे हाताने आणि ओठांनी बोलतात. मामा मात्र एका मागाशी थबकले आणि बोटाने खूण केली. त्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला होता. त्यांनी तो कानाने ओळखला की डोळ्यांनी, हे त्यांनाही सांगता आले नाही.

दुपारी आम्ही बार्शी रस्त्याने नान्नजला निघालो. सोलापूरपासून साधारण वीस किलोमीटरवरचे हे माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले. माळढोक आता अतिशय दुर्मीळ झाला आहे आणि आम्हाला तो दिसला नाही; दूरवर काळविटांचा एक कळप तेवढा दिसला. पण माळढोकाचे एक आवडते खाद्य पायाखाली विपुल होते. गवतातून चालताना प्रत्येक पावलाला चार-दोन नाकतोडे उडत होते आणि काही जागेवर बसून मागच्या पायाची आतली कड पंखाच्या शिरेवर घासून करकर करत होते. नाकतोड्याचे कान डोक्यावर नसतात, ते पोटाच्या पहिल्या वलयाच्या दोन्ही बाजूंना, पंखांखाली झाकलेले असतात. टोळही नाकतोड्यांच्याच कुळातला. तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी टोळाचा असा कान काढून, तो काही काळ जिवंत ठेवून, एका लहान यंत्रमानवाला जोडला; एक टाळी वाजवली की यंत्र पुढे जाई, दोन वाजवल्या की मागे येई. मामांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ एका नाकतोड्याकडे बघत राहिले.

रात्री आम्ही अभयारण्याबाहेर, मामांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शेतात थांबलो. शेजारच्या रानात शाळूची पेरणी नुकतीच झाली होती आणि आमच्या बाजूला तूर गुडघ्याच्या वर आली होती. अंधार पडताच रातकिडे सुरू झाले. मामांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवले होते. लांबच्या ट्रॅक्टरचा आवाज त्यांना येत होता, वस्तीवरचे कुत्रे ऐकू येत होते.

"मामा, रातकिडे ऐकू येतात का तुम्हाला?"

"हायत का?" त्यांनी विचारले.

मला त्या प्रश्नाने फार वाईट वाटले. शेतातल्या काळ्या रातकिड्याचे गाणे 4000 ते 5000 हर्ट्झच्या दरम्यान असते. कागदावरची दरी नेमकी तिथेच आहे. यंत्रमागाने मामांच्या कानातून सर्वांत आधी जे नेले असेल, त्यात रातकिडे होते, आणि ते कधी गेले हे कुणाच्याच लक्षात आले नव्हते. त्यांनी यंत्र कानात घातले, कळ फिरवली आणि काही क्षण अगदी स्तब्ध बसले. मग म्हणाले, "आई रे. लहानपणी असंच वाजायचं."

विजेरीच्या मंद उजेडात एक नर बिळाच्या तोंडाशी गाताना सापडला. गातात ते नरच. उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला एका शिरेवर शंभरावर बारीक दात असतात, ती त्याची कानस. डाव्या पंखाची कडक कड त्या दातांवरून ओढली जाते. पंख मिटताना आवाज होतो, उघडताना नाही. यातली खुबी अशी की कड एकेका दातावर अडकते आणि सुटते, आणि त्या अडकण्या-सुटण्याचा वेग पंखातल्या ताणलेल्या पातळ पटलाच्या कंपनाशी जुळलेला असतो. जुन्या घड्याळात लंबक आणि दातेरी चाक एकमेकांना असेच सांभाळतात. म्हणूनच घासण्यातून खरखर न निघता शुद्ध स्वर निघतो. वेळेचे हे गणित उष्णतेवरही अवलंबून असते. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक एमॉस डॉलबेअर यांनी 1897 मध्ये रातकिड्यांच्या किरकिरीवरून हवेचे तापमान काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले होते. ते तिथल्या किड्यांचे असल्याने नान्नजला लागू करण्यात अर्थ नाही, पण पहाटे गारवा वाढला तेव्हा आमच्या शेतातलीही लय स्पष्टपणे मंदावली.

पंखाजवळ या गाण्याची पातळी 100 डेसिबलपर्यंत जाते, म्हणजे मागाच्या शेडइतकी. मग हा किडा रात्रभर गाऊन बहिरा कसा होत नाही? जेम्स पूले आणि बर्टहोल्ड हेडविग यांनी केंब्रिजमध्ये याचे उत्तर शोधले आणि 2006 मध्ये त्यामागची एक विशिष्ट चेतापेशी दाखवून दिली. पंखांना "मिटा" अशी आज्ञा जाते त्याच क्षणी तिची एक प्रत या पेशीमार्फत ऐकण्याच्या चेतांकडे जाते आणि त्यांना तेवढ्यापुरते दाबून धरते. दोन सुरांच्या मधल्या शांततेत त्या पुन्हा मोकळ्या होतात आणि दुसऱ्याचे गाणे ऐकू येते. माणसाच्या मधल्या कानातही आवाज रोखणारे इवलेसे स्नायू आहेत, पण ते जड स्वरांवर अधिक चालतात आणि सततच्या आवाजापुढे थकतात. धोट्याचा ठोका कधी पडणार हे मागावरच्या माणसाला ठाऊक असते, तरी त्याच्या कानाला ते आधी कळवणारी अशी पेशी त्याच्याकडे नाही. त्याला कानात घालायला बोळे द्यावे लागतात, आणि मामांना त्या 31 वर्षांत ते कुणी दिले नाहीत.

आता मामांच्या मूळ तक्रारीकडे येतो. गोंगाटात बोलणे कळण्यासाठी ते कोणत्या बाजूने येते हे कळावे लागते. आपण दोन कानांमधल्या अंतराचा उपयोग करतो. बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला सुमारे 650 ते 700 मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली असतात, आणि शरीरातून जाणाऱ्या हवेच्या नळ्यांमुळे त्याच्या कानाच्या पडद्यावर आवाज बाहेरून आणि आतून असा दोन्हीकडून पडतो. त्या दोहोंतील फरकातून दिशा उमटते.

पण मला सर्वाधिक थक्क करते ती ऑर्मिया ऑक्रेशिया ही अमेरिकेतली माशी. तिची मादी गाणारा रातकिडा अंधारात आवाजावरून शोधते आणि त्याच्यावर अळ्या सोडते. तिच्या दोन कानांत अंतर अवघे अर्धा मिलिमीटर. त्यामुळे मिळणारा वेळेचा फरक जास्तीत जास्त दीड मायक्रोसेकंद, जो कोणत्याही चेतासंस्थेला निरुपयोगी वाटावा. तरीही ती दोन अंशांपर्यंत अचूक दिशा धरते, जवळपास आपल्याइतकी. रोनाल्ड माइल्स, डॅनियल रॉबर्ट आणि रोनाल्ड हॉय यांनी 1995 मध्ये यामागची यंत्रणा उलगडली. तिचे दोन्ही पडदे मधल्या एका ताठर दांड्याने जोडलेले आहेत. बागेतल्या सीसॉप्रमाणे एक बाजू दबली की दुसरी प्रतिसाद देते, आणि या जोडणीमुळे दीड मायक्रोसेकंदाचा फरक पडद्यांच्या हालचालीत पन्नासच्या वर जातो. माइल्स यांनी पुढे याच धर्तीवर सिलिकॉनचा झुलता पडदा असलेले इवलेसे दिशादर्शी मायक्रोफोन घडवले, आणि श्रवणयंत्र हाच त्यामागचा एक मुख्य हेतू होता. नेहमीच्या यंत्रात दोन मायक्रोफोन काही मिलिमीटर अंतरावर ठेवून त्यांची वजाबाकी करतात; त्यात जड स्वरांचा संकेत क्षीण होतो आणि मायक्रोफोनची स्वतःची खरखर वर येते. माझा रोजचा झगडा याच खरखरीशी आहे.

मामांना या सगळ्यात धाग्याची गोष्ट अधिक भावली. नर डास पडद्याने ऐकतच नाही. त्याच्या मिशांवरचे केस हवेच्या हालचालीबरोबर हलतात आणि त्यावरून तो मादीच्या पंखांचा स्वर ओळखतो. तसेच ऐकता यावे म्हणून माइल्स आणि जियान झोउ यांनी 2017 मध्ये कोळ्याच्या रेशमाचा अतिसूक्ष्म तंतू वापरला. 1 हर्ट्झपासून 50,000 हर्ट्झपर्यंत तो हवेच्या मागे जवळजवळ तंतोतंत हलला. "म्हणजे सूत जितकं बारीक, तितकं जास्त ऐकतंय," मामा म्हणाले. मी वर्षानुवर्षे जे आलेख काढून सांगतो, ते त्यांनी एका वाक्यात मांडले.

मग मी त्यांना विचारले, रातकिडा कुठे आहे? त्यांनी उजवीकडे हात केला. तो डावीकडे होता. यंत्र एकाच कानाला, म्हणून प्रत्येक आवाज त्याच बाजूचा वाटतो. मी म्हटले, मामा, जागेवरच सावकाश फिरा आणि आवाज सर्वांत मोठा वाटेल तिथे थांबा. ते बांधावर उभे राहिले, डोळे मिटले आणि स्वतःभोवती हळूहळू फिरू लागले. एकदा पुढे गेले, परत मागे आले, थांबले. उजवा हात खांद्यासरशी लांब केला.

"तिकडं. तुरीच्या दुसऱ्या ओळीत."

मी पावलांचा हादरा जाऊ नये म्हणून फार जपून गेलो आणि शेवटी विजेरी लावली. रातकिडा तिसऱ्या ओळीत होता.