फूल काढलेली चिठ्ठी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत त्या बुधवारी आम्ही तिघं होतो. ग्रामीण रुग्णालयातल्या ‘मैत्री’ या किशोरवयीन मुलांसाठीच्या क्लिनिकची समुपदेशक मी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या सामाजिक कार्यकर्त्या आणि शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या पथकाचे डॉक्टर. आठवी ते दहावीच्या वर्गांत निनावी प्रश्नांची पेटी फिरवायची आणि निघालेल्या विषयांवर गटात बोलायचं, एवढंच ठरलं होतं.

पेटी साधी असते, पण तिचे नियम मोडले की ती निकामी होते. कागद सगळे एकाच मापाचे, एका वहीच्या पानाचे चार तुकडे. पेन्सिली आम्हीच नेतो, कारण रंगीत शाईचं पेन वर्गात एकाकडेच असतं आणि ते कुणाचं हे सगळ्यांना माहीत असतं. लिहायला दहा मिनिटं, घडी चार पदरी. ज्याला काही विचारायचं नाही त्याने कागदावर फूल काढायचं, पण चिठ्ठी प्रत्येकाने टाकायचीच. नाहीतर लिहिणारी तीन-चार मुलं लगेच उघडी पडतात. शिक्षक वर्गाबाहेर. त्या दिवशी आठवीत एक सर ‘शिस्त राहावी’ म्हणून बाकांमधून फिरत राहिले आणि सगळ्या चिठ्ठ्या ‘अभ्यास कसा करावा?’ अशाच निघाल्या. तो वर्ग दुपारी पुन्हा घ्यावा लागला.

सर्वांत महत्त्वाचं लिहिण्याआधी सांगायचं असतं. कुणी काय लिहिलं हे आम्ही शोधणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका आहे किंवा कुणी मुलाला त्रास देतंय असं कळलं, तर आम्ही गप्प बसणार नाही, मोठ्या माणसांना सांगू. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं सरसकट वचन दिलं की ते मोडावं लागतं आणि ते मोडल्यावर मूल पुन्हा तोंड उघडत नाही. प्रत्येक वर्गाचं पाकीट वेगळं ठेवतो, हेही त्यांना सांगतो. फळ्यावर दोन नंबर लिहितो: मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ आणि अडचणीतल्या मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८.

नववीच्या एका तुकडीत ४१ मुलं हजर होती, चिठ्ठ्याही ४१. वाचायला दोघं बसायचं आणि आधी एकच गोष्ट पाहायची: आज काही करावं लागेल असं काही आहे का? बाकीच्यांना घाई नसते. त्यांत झोपेच्या तक्रारी खूप होत्या. पहाटे पाचला उठून धार काढायची, डेअरीला दूध घालायचं आणि रात्री बारापर्यंत मोबाइल. म्हणजे झोप पाच तास. या वयाला आठ ते दहा लागते. अशा मुलांना ‘मोबाइल बघू नका’ सांगून काही होत नाही. चार्जर झोपायच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात लावा, एवढं सांगितलं तर निदान काही घरांत ते घडतं. दोन चिठ्ठ्या माव्याच्या होत्या. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी असूनही टपरी फाटकासमोरच होती. तो विषय मुख्याध्यापकांकडे दिला.

आणि मग ती चिठ्ठी. ‘मी नसलो तर घरातला खर्च तरी वाचंल.’

वर्गशिक्षक हाडाचे मास्तर, मुलांवर जीव असलेले. ते लगेच म्हणाले, “‘नसलो’ लिहिलंय, म्हणजे मुलगा आहे. वह्या आणतो, अक्षर जुळवू.” त्यांची तळमळ खरी होती, पण आम्ही त्यांना थांबवलं. इकडच्या मुली सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. त्या क्रियापदावरून अर्धा वर्ग वगळला असता तर चूक तिथेच झाली असती. पेन्सिलीने घाईत लिहिलेलं अक्षर वहीतल्या अक्षराशी फसवं जुळतं, भलत्याच मुलाला हाक जाते आणि ज्याने लिहिलं ते मूल आणखी खोल दडतं. शिवाय शोधणार नाही असं आम्ही सकाळीच म्हटलं होतं.

मग करायचं काय? वर्गात जाऊन सरळ सांगितलं, “एका चिठ्ठीने आम्हाला काळजी वाटली. कोणाची ते शोधत नाही. आज आम्ही प्रत्येकाशी बोलणार, हजेरीच्या क्रमाने.” ४१ मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे १६४ मिनिटं. आम्ही तिघं तीन जागी बसलो तर तासाभरात होतं. जागा अशा की दिसावं पण ऐकू जाऊ नये: लिंबाखाली, व्हरांड्याच्या टोकाला आणि दार उघडं ठेवून प्रयोगशाळेत. खुर्च्या समोरासमोर नाहीत, थोड्या तिरक्या. बंद खोलीत बोलवलेलं मूल बाहेर आल्यावर मित्रांच्या प्रश्नांना तोंड देत बसतं.

चार मिनिटांत झोप, जेवण, शाळा, घर असं विचारत जायचं आणि शेवटी आडवळण न घेता, “कधी मरून जावंसं वाटतं का?” या प्रश्नाने मुलांच्या डोक्यात नसलेलं येतं, अशी भीती शिक्षकांना फार वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बहुतेक मुलं सैल होतात. ‘हो’ आलं की घाई थांबवायची. कधीपासून, आज तसं वाटतंय का, काही ठरवलंय का, आज रात्री घरी कोण असेल, हे शांतपणे विचारायचं आणि त्या मुलाला एकटं सोडायचं नाही.

आम्हाला ‘हो’ एक नाही, तीन मिळाले. दोन मुली, एक मुलगा. चिठ्ठी तुझी का, असं तिघांपैकी कुणालाच विचारलं नाही. मुलगा मात्र आपणहून म्हणाला, “मी तर नुसतं फूल काढलं होतं.” अक्षर जुळवत बसलो असतो तर हा मुलगा कुणाच्याच यादीत आला नसता, कारण फुलाची चिठ्ठी आम्ही काळजी नसलेल्यांच्या ढिगात टाकली होती.

पुढचं काम तिघांसाठी सारखंच. अर्ध्या पानावर मुलाच्याच शब्दांत लिहायचं: मन बिघडायला लागलं की काय होतं, तेव्हा स्वतः काय करता येईल, कुणापाशी जाऊन बसायचं, कुठल्या मोठ्या माणसाला सांगायचं, कुठला नंबर लावायचा. नंतर पालक. त्यांना काय सांगायचं हे आधी मुलाशी बोलून ठरवतो. चिठ्ठीचा कागद दाखवत नाही. एका वडिलांनी पोरीला तिथंच शपथ घालायला घेतली. त्यांना विनवून थांबवलं. शपथ घातली की पुढच्या वेळी तोच विचार आल्यावर मुलाला वाटतं आपण शपथ मोडली आणि ते सांगायचं बंद करतं. एका घरी आजीला उतारा टाकायचा होता. त्यावर वाद घातला नाही, फक्त रुग्णालयाची तारीख चुकवू नका म्हटलं. शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. हे मात्र त्याच संध्याकाळी, उद्यावर नाही. एका मुलीला दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवलं. बाकी दोघांची भेट क्लिनिकमध्ये. पाठपुरावा २४ तासांत, मग सातव्या आणि तिसाव्या दिवशी.

पेटी बुधवारी उघडतो तीही याचसाठी. गुरुवार-शुक्रवार शाळा असते, मूल डोळ्यांसमोर राहतं. शनिवारी उघडली तर काळजीची चिठ्ठी हातात आणि मूल सोमवारपर्यंत घरी.

हे सगळं शिक्षकांनीच का करू नये, असं नेहमी विचारतात. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ या शालेय आरोग्य कार्यक्रमाचा मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोच कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या समुपदेशकांनी राबवला तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं आणि मुलांमधली नैराश्याची लक्षणं व दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी राबवला तिथे तसा फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. गुण आणि हजेरी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर मूल मोजूनमापून बोलतं. शिक्षकांची जागा वेगळी आहे: बदल सर्वांत आधी त्यांना दिसतो, आणि तिसाव्या दिवसानंतर रोज तेच असतात. त्या वर्गशिक्षकांनी तिघांवर महिनाभर नजर ठेवली, कुणाला न कळेल अशी, आणि एक दिवस गैरहजेरी पडल्याबरोबर फोन केला.

आता त्या शाळेत चिठ्ठ्यांची वाट पाहत नाही. दर सत्रात पेटीच्या दिवशीच तिन्ही इयत्तांशी चार-चार मिनिटं बोलतो. १२४ मुलं, तिघं जण, पावणेतीन तास. फूल काढलेल्यांशीही तेवढाच वेळ.