घरटं हलवताना

वेळासच्या किनाऱ्यावर आज पहाटे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं घरटं सापडलं. २००२ पासून इथे घरटी जपली जातात, तरी घाई नडतेच. पिंगपाँगच्या चेंडूएवढं मऊ अंडं, त्यावर चिकटलेली ओली वाळू. ती पुसायची नाही. जी बाजू वर असेल तीच वरच ठेवायची, कारण काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो.

हॅचरीत, म्हणजे अंडी हलवून जपायच्या कुंपणात, दीड फूट खोल खड्डा, सुरईसारखा: तोंड अरुंद, पोट रुंद. मूळ घरट्यातलीच ओलसर वाळू वापरा, कोरडी ढासळते. कुंपणाची जाळी जमिनीत फूटभर गाडा, नाहीतर कोल्हे, कुत्री उकरतातच. पाटीवर तारीख, अंड्यांची संख्या. ४५ दिवसांनंतर घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या रोज उचलून पिल्लं आलीत का बघा, ऊन चढायच्या आधी!