निवटीच्या बिळातली हवा

नारळीपौर्णिमा दोन आठवड्यांवर आली होती. एम.एस्सी.च्या मुलांना घेऊन मी सकाळच्या ओहोटीला ठाणे खाडीवर गेले होते. एक मीटरची चौकट गाळावर टाकायची आणि आतली बिळं मोजायची, एवढंच त्या दिवसाचं काम.

पाणी उतरलं तसा तिवरांपुढचा गाळ चमकायला लागला आणि त्यावर निवट्या निघाल्या. मासाच, पण छातीच्या परांवर रेटा देत पुढे सरकणारा. डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत गाळावरचं शेवाळ खरवडत होत्या. एक माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. बेडकासारखे वर आलेले डोळे. त्यातला एक तिने खोबणीत ओढून घेतला आणि ओला करून परत वर काढला. मग ओल्या चिखलात अंग लोळवलं. कातडी ओली आहे तोवरच तिला कातडीतून श्वास घेता येतो.

२०२२ साली ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तेव्हा सगळीकडे फ्लेमिंगोंचे फोटो आले. निवटीचा एकही मला दिसला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे जायच्या नादात मी मांडीपर्यंत रुतले. जवळच एक कोळीण मावशी हातानेच निवट्या धरत होत्या. "बाय, उभी राहू नको, अंग आडवं टाक," म्हणत त्यांनी मला ओढून काढलं. मग एका बिळापाशी नेलं. "घाल हात. हळूहळू."

कोपरापर्यंत हात गेला. गाळ गार आणि लोण्यासारखा मऊ. बीळ खाली जाऊन वळलं होतं. बोटं वळणापलीकडे गेली आणि मनगटाला घासत बुडबुडे वर आले, एकामागून एक.

मी तशीच थांबले. जपानमधल्या निवटीच्या एका जातीवरचं संशोधन मी दरवर्षी वर्गात शिकवते. तिथे अंडी बिळाच्या आतल्या खोलीत, छताला चिकटवलेली असतात. खालच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून नर वरून तोंडात हवा भरून आणतो आणि आत सोडतो. घोट-घोट हवा, पुन्हा पुन्हा. पिल्लं तयार झाली की तीच हवा तो तोंडाने बाहेर नेतो, खोलीत पाणी शिरतं आणि अंडी फुटतात. इतकी वर्षं हे मी फळ्यावर काढून दाखवत होते. त्या दिवशी मनगटाला लागलेले बुडबुडे गाळातल्या वायूचेही असू शकतील. पण आत अंडी असली तर?

मी हात बाहेर काढला. मावशींनी विचारलं, "गावली नाय?"

"राहू दे मावशी, हंगाम आहे," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बिळाकडे वळल्या.

वहीत सातव्या बिळापुढे मी 'बुडबुडे' एवढंच लिहिलं. तोवर भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांशी आलं होतं, मुलांना बाहेर काढायला हवं होतं.