लॉफ्टची टाकी हलवली आणि गरम पाणी गायब

वर्तकनगरला आमची बिल्डिंग जुनी, सात मजली, आम्ही दुसऱ्यावर. बाथरूमच्या लॉफ्टवर ३०० लिटरची टाकी होती, ठाण्यात पाण्याचा शटडाऊन असला की तिच्यावरच दिवस निघतो, पण भरलेली टाकी म्हणजे ३०० किलो वजन, आणि लॉफ्टखालचं प्लास्टर फुगून सळया दिसायला लागल्यावर ती तिथून काढणं भागच होतं. अँगलचं स्टँड करून ड्राय बाल्कनीत नेली.

आणि लगेच गरम पाण्याचे हाल सुरू. शॉवरला कोमट, मग एकदम गार, मध्येच नळ फुर्रफुर्र करून थांबायचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला कॉइल गेली, थर्मोस्टॅट पण बदलू. बाबा तर नवीन गीझर घ्यायच्या तयारीत. मला ते पटेना, टाकी हलवेपर्यंत जो गीझर मस्त चालत होता त्याची कॉइल नेमकी त्याच दिवशी कशी जाईल?

म्हणून गीझर तापू दिला, शॉवरच्या मिक्सरचा (गरम-गार पाणी एकत्र करणारा जोडनळ) गारचा नळ पूर्ण बंद ठेवला आणि फक्त गरमचा सोडला. धार बारीक, पण चटका बसेल इतकी गरम. मग गारचा जरासा उघडला तर गरम गायबच! म्हणजे कॉइल ठणठणीत, पाणीच पुढे येत नव्हतं.

झालं होतं असं की आधी मिक्सरच्या दोन्ही बाजू लॉफ्टच्या टाकीवर होत्या, शिफ्टिंग करताना प्लंबरने पाइप वाचवायला गारची लाइन टेरेसच्या टाकीला जोडून टाकली. प्लंबर लोक प्रेशर किलोत सांगतात, १० मीटर उंचीला साधारण १ किलो. टेरेसची टाकी आमच्यापेक्षा १५ मीटर तरी वर म्हणजे दीड किलो, आणि आमची टाकी गीझरपेक्षा जेमतेम दोन-तीन फूट वर, म्हणजे किलोचा दहावा भागही नाही. गीझरमधलं गरम पाणी मागून येणारं गार पाणीच बाहेर ढकलतं, ते दीड किलोसमोर काय टिकणार.

फुर्रफुर्रचं कारण वेगळं. टाकीपासूनचा नवा पाइप खिडकीवरून चढवून परत खाली उतरवला होता, त्या उंचवट्यात हवा अडकायची. मेन स्विच बंद करून टाकीकडून येणारा पाइप गीझरजवळच्या एनआरव्हीच्या (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) अलीकडे सोडवला आणि त्याला किचनच्या डायरेक्ट लाइनवरून होज लावला, आई नळाशी, मी शिडीवर टाकीत डोकावून. भसाभस बुडबुडे आले, मग सलग पाणी.

हा तात्पुरता इलाज. नंतर दुसऱ्या प्लंबरकडून पाइप खिडकीखालून सरळ उतारात घेतला, तो जास्तीचा स्प्रिंगवाला एनआरव्ही काढला, कारण एवढ्या कमी प्रेशरला तो धड उघडतच नाही. गीझरवरचा कंपनीचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र अजिबात काढू देऊ नका, पाणी तापलं की फुगतं आणि ते प्रेशर तिथूनच सुटतं.

गारची लाइन परत घरच्या टाकीवर घेतलीय. शॉवरचा जोर कमी झाला, पण गरम हवं तेवढं मिळतं. दोन्ही बाजू टेरेसच्या लाइनवर घेतल्या तरी चालतं, धार छान येते, फक्त शटडाऊनला अडचण होते आणि गीझरला किती प्रेशर चालतं ते त्याच्या प्लेटवर आधी वाचून घ्या.